अनसाबाईंची बोरमाळ

कारेगावाशेजारी कंपन्या आल्या तशी अनसाबाई आणि गेणबा या नवरा-बायकोनं मेंढरं विकली आणि चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. पण सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. अनसाबाईंना बसून चैन पडेना. संध्याकाळ झाली की त्या भाडेकरूच मोजायच्या. सेकंड शिफ्टचा एखादा कमी भरला की रस्त्यावर जाऊन हाका मारायच्या.

त्यातला नायर नावाचा केरळचा फिटर बदली होऊन गेला. जाताना एक कुंडी देऊन गेला. हिरव्या पानांच्या मधोमध लालभडक तुरा.

"मौसी, ये ब्रोमेलियाड है. पानी इधर, पत्तों के बीच में डालना. मिट्टी में ज्यादा नहीं."

"बोरमाळ व्हय? बरं," अनसाबाई म्हणाल्या. "आन् ही तोंडानं पाणी पिती?"

तोंडानं पिणारं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना भरूनच आलं. माळ्यावरून त्यांनी आई मेलेल्या कोकरांना पाजायची बाटली काढली, आणि रोज सकाळी त्या बाटलीनं पानांच्या वाटीत पाणी पाजायला लागल्या. वर "पी गं, पी" म्हणून पानांवरून हात फिरवायच्या.

पुढं मलेरियावाला आला. त्यानं वाटीत बॅटरी मारली.

"आजी, ह्यात डासाच्या अळ्या हायत. पाणी ओता."

"पोटातलं पाणी ओतू? तुझं ओतू का?"

शेवटी तडजोड झाली. आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. दर शनिवारी अनसाबाई बोरमाळ मांडीवर पालथी घ्यायच्या आणि पाठीवर थापट्या मारायच्या.

वर्षभरात तुरा वाळला, मग पानं पिवळी पडली. अनसाबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. शेजारच्या तानुबाईची म्हैस बघायला गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांना त्या हाताला धरून घेऊन आल्या.

डॉक्टर कुंडीकडं बघत राहिले. "आजी, हे जनावर नाही."

"तोंडानं पाणी पितंय. मग काय म्हनायचं?"

डॉक्टरांना वाद घालायला वेळ नव्हता. ते उकिडवे बसले, बुडाची पानं बाजूला सारली. आत दोन कोवळे कोंब फुटले होते.

"काय झालं वो?"

"व्यालीय," डॉक्टर म्हणाले. "दोन पिल्लं आहेत."

अनसाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "म्हंजी बाळंतीण हाय! आन् मी येडी तिला निसतं पाणी पाजतीय!"

"पिल्लं मोठी होईपर्यंत आईपासून तोडू नका," एवढं सांगून डॉक्टर गाडीला किक मारून निघाले.

त्याच दुपारी अनसाबाईंनी बाजरीच्या घुगऱ्या शिजवल्या, गूळ कालवला आणि त्या बाळंतिणीच्या वाटीत भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग चारी खोल्यांतून जाऊन कुंडीवर चढलेली. भाडेकरू खाटेवर उभे राहून ओरडत होते. गेणबानं कुंडी मोरीत नेली, धुतली आणि एकच वाक्य बोलला, "हिला आता पथ्यावर ठेव."

थोरली पुढं हळूहळू वाळून गेली. पिल्लं मात्र जोमानं वाढली. एक अनसाबाईंनी ठेवलं. दुसरं, लेक द्यावी तसं कुंकू लावून, तानुबाईला दिलं. "उन्हात ठिवू नको, चिखलात बसवू नको, आन् दर शनवारी पालथी कर."

तानुबाईनं सगळं केलं. फक्त शेळी बांधायला विसरली.

शेळीनं बोरमाळ बुडापासून खाल्ली. तानुबाई रडतच शेळी ओढत आली. "अनसे, तुझी पोर हिच्या पोटात हाय. हीच ठिवून घे."

अनसाबाईंनी शेळीला वरून खाली न्याहाळलं. राग तर आलाच होता, पण कास भरलेली दिसत होती. त्यांनी शेळी खुंट्याला बांधली, संध्याकाळी भरपूर दूध काढलं आणि तानुबाईच्या दारात परत नेऊन सोडली.

"घे तुझी. मला आता जनावरं झेपत न्हाईत."

घरी येऊन त्यांनी त्याच दुधाचा चहा टाकला. गेणबानं एक घोट घेतला आणि विचारलं, "राहिलेलं पिल्लू बी कुना शेळीवालीला द्यायचंय का?"