गळ्याखाली हात

माझे बाबा मोहाडीला ढोरांचे डॉक्टर होते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि भुतंखेतं मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक लगेच माना डोलवायला लागतात.

दवाखान्यासमोर लाकडी खोडा होता. त्यात जनावर अडकवलं की बाबा मुकाट्यानं सुई टोचत आणि पुढच्याकडे वळत. पण एखाद्या म्हशीला औषध दिल्यावर त्यांचा हात आपोआप तिच्या गळ्याखाली जाई. तिथली सैल कातडी ते हळूहळू खाजवत राहत. म्हैस मान लांब करून डोळे मिटून घेई. ती म्हैस मग जगत नसे.

लोकांनी हे हेरलं. बाबांचा हात गळ्याखाली गेला की घरची बाई हळदकुंकू घेऊन यायची, आणि पुढचं औषध कोणी पाजायचंच नाही. बाबांचा नुसता संताप व्हायचा. "अरे, तिले बरं वाटते म्हणून खाजवतो! औषध काहून बंद केलं?" लोक ऐकून घेत, आणि पुढच्या वेळी हात जोडत. "साहेब, सुई टोचा, पन हात नोका लावू जी."

तुम्हाला आधीच कळतं का, असं आईनं एकदा विचारलं. "मले काय मालूम? हात जाते," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर ते हात पाठीमागे धरून गोठ्यात शिरू लागले. मला त्यांची फार दया यायची.

मग ते स्वतःच आजारी पडले. नागपूरहून बरे होऊन घरी आले, रिपोर्ट चांगले होते. आईनं शेजारी पेढेसुद्धा वाटले. त्या दुपारी ते अंगणात बाजेवर पडले होते आणि आई सुपात तांदूळ निवडत होती. आमची गाय एरवी बाबांच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही, सुईवाला माणूस ना! त्या दिवशी तिचं दावं सुटलं होतं. ती सरळ बाजेपाशी आली आणि बाबांचा गळा चाटू लागली. अगदी सावकाश. बाबांनी मान लांब केली आणि डोळे मिटले.

आईच्या हातून सूप पडलं. ती काठी घेऊन गाईवर धावली.

"मारू नोको तिले," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "बरं वाटून राहिलं."

पुढचा बाजार त्यांनी पाहिला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही. आईनं गाय मामाकडे धाडून दिली.

आता आई माझ्याकडे तुमसरला असते. थकली आहे, पण सिरियलमधल्या सासवांना शिव्या घालण्याइतकी खणखणीत आहे. परवा तिला पेज भरवताना थोडी हनुवटीवरून गळ्यावर ओघळली. पुसायला मी हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"तेथं नोको, बाई."

"आई, काहीतरीच काय! पेज पुसून राहिले मी."

"तुहा बापही असंच काहीतरी सांगे."

मी रुमाल तिच्या हातात दिला. विज्ञान गेलं चुलीत. तेव्हापासून तिला भरवताना मी डावा हात पाठीमागे धरते. तो आपोआप तिच्या गळ्याकडे निघतो, आणि मला फार भीती वाटते.