डावीकडचा ब्रेक

माझ्या थोरल्या भावानं निम्म्या कोल्हापूरला गाडी शिकवली. उरलेलं निम्मं कोल्हापूर त्या शिकलेल्यांपासून जीव वाचवता वाचवता आपोआप शिकलं. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

दादाचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, टपावर लाल पाटी आणि दादा. गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डावीकडं दादाच्या पायाखाली. डावीकडचा दाबला की खालच्या सळईनं उजवीकडचाही आपसूक खाली जायचा. दादा फारसा बोलत नसे. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडं आणि थांबवायचं दादाकडं, अशी वाटणी लहानपणीच झाली होती. जेवताना माझी एखादी गोष्ट हाताबाहेर चालली, म्हणजे पंचगंगेतली मगर रिक्षाएवढी झाली, की तो मान वर न करता नुसता पाय फरशीवर दाबायचा. मगर लगेच घोरपडीएवढी व्हायची.

गेल्या ऊस हंगामात दादा त्याच गाडीत गेला. गारगोटी रस्त्याला, कळंब्याच्या पुढं. शिकणारी एक शाळेतली बाई होती. समोर बिद्रीच्या कारखान्याला निघालेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मध्येच थांबला होता. दादाच्या छातीत कळ आली, एवढंच डॉक्टर सांगू शकले. लोक धावले तेव्हा गाडी ट्रॉलीच्या मागं बंद पडून उभी होती, एक ओरखडा नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी डोळे मिटून घेतले होते. सर नेहमी सांगायचे, मिटू नका." म्हणजे गाडी कशी थांबली हे बघणारं जगात कुणीच नव्हतं.

ही जागा रिकामी होती. आणि रिकामी जागा दिसली की मला राहवत नाही.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वहिनी भिंतीकडं बघत बसल्या होत्या. तीन दिवसांत डोळ्यांतून टिपूस नाही. म्हातारी माणसं एकमेकांना खुणावत होती, हिला रडवा म्हणून. मी त्यांच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "वहिनी, जाता जाता दादानं ब्रेक मारला. जीव गेला पण पाय काढला नाही. त्या बाईला वाचवूनच गेला." वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि त्या रडल्या. इतक्या की शेजारच्या तीन गल्ल्या रडल्या.

मग मी थांबायला पाहिजे होतं. पण थांबवणारा पाय आता घरात नव्हता. भेटायला येईल त्याला मी ते सांगत गेलो. पहिल्या दिवशी गाडी आणि ट्रॉलीत दोन हातांचं अंतर होतं. दुसऱ्या दिवशी वीत झाली. बाराव्या दिवसापर्यंत करंगळी जेमतेम आत जाईल एवढीच फट उरली, आणि ट्रॉलीतल्या उसाचं पान काचेला टेकलं.

त्यानंतर गाडी घरी आणली आणि ती धरायला लागली.

म्हणजे कुणीतरी ब्रेकवर हलका पाय ठेवून बसावं तशी चालायची. उतारावरूनसुद्धा खाली यायला कां-कूं करायची. सिग्नलला सोडली की आपली आपण उभी राहायची. अंगणात लावली तरी मागचा लाल दिवा कधीकधी पेटलेलाच असायचा, दिवेलागणीला तो दारातून दिसायचा आणि वहिनी तिकडं बघून हात जोडायच्या. मी हँडब्रेक ओढायचंच सोडून दिलं, गरजच नव्हती. पहिल्यांदा चाकांतून जळका वास आला तेव्हा वहिनी अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा म्हणाल्या, "त्यांनी पाय काढला न्हाय अजून."

माझ्या पाठीवरून पाल गेली. मी खोटं बोललो होतो आणि गाडीनं ते मनावर घेतलं होतं.

वहिनींनी त्याच दिवशी ताकीद दिली, डावीकडच्या ब्रेकला कुणी हात लावायचा नाही. दर पौर्णिमेला त्यांना नृसिंहवाडीला जायचं असायचं, आणि याच गाडीनं. मी चालवायचो. त्या डावीकडं बसायच्या, पण दोन्ही पाय मागं, सीटखाली ओढून घेतलेले. कुणी जेवत बसलं असावं आणि त्याच्या ताटाला आपला पाय लागू नये, तसे. शिरोळच्या अलीकडं एकदा मी चाकाजवळ हात नेला तर मनगटावरचे केस जळाले. पीठ मळून नेलं असतं तर वाडीपर्यंत चार माणसांच्या भाकरी झाल्या असत्या.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी तीनदा ब्रेक पॅड बदलले. दर वेळी म्हणायचे, "ह्यो डावीकडचा पेडल पूर्ण वर येत न्हाय. तिथं एकदा बघू द्या की."

"वहिनी नको म्हणतात."

"मग पॅड घालून काय उपयोग? चूल विझवायची न्हाय आन् भांडी बदलायची."

त्यांचं खरं होतं. असंच चाललं तर एखाद्या दिवशी तापून तापून ब्रेक लागायचाच बंद झाला असता, आणि त्या वेळी डावीकडं वहिनी असत्या. ब्रेक दुरुस्त करायचा तर दादाचा पाय तिथं नाही हे वहिनींना सांगावं लागणार होतं. आणि तो पाय तर मीच तिथं ठेवला होता. रात्रंदिवस मला तो दिसायचा. गाडी चालवताना मी डावीकडं खाली बघत नसे. मी, ज्यानं मसणवाटेत पैजेवर मिसळ खाल्ली आहे.

शेवटी ठरवलं. येत्या पौर्णिमेला, वाडीला पादुकांपुढं उभं राहून वहिनींना सांगायचं, की ती गोष्ट माझी होती. दत्तासमोर मला खोटं बोलता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता तर उचकी लागली, ती जयसिंगपूरपर्यंत टिकली.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी चौथ्या वेळी पॅड आणायला निघालो, तर वहिनी पूजेची पिशवी घेऊन गाडीत येऊन बसलेल्या. "दुकानातच येते. तिथनंच वाडीला जाऊ."

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर मी जुने पॅड ठेवले. दुकानदारानं एक उचलून उजेडात धरला. मग माझ्याकडं बघितलं.

"पावणं, पॅड जेवणात खाता का काय तुम्ही? तीन जोड न्हेल्यात." त्यानं नखानं पॅड टोकरला. काचेसारखा चकचकीत झाला होता तो. "आन् हे घासलेलं न्हाय. हे भाजलंय."

"गाडी जरा तापते," मी म्हणालो.

त्यानं दोन खोकी पुढं केली. एकातले पॅड कडक. जास्त टिकतात, उष्णता सोसतात, पण थांबताना किंचाळतात. दुसऱ्यातले मऊ. पाय लागला की पकडतात, पण लवकर झिजतात आणि रिंगवर काळी भुकटी सोडतात. मी अर्थातच कडकवर बोट ठेवलं. किंचाळणं मला घरचं आहे.

"बरं. कंपनीचं देऊ का बाहेरचं?"

दिवसातून शंभर वेळा तो हे विचारत असेल. पण वहिनी माझ्या मागंच उभ्या होत्या आणि आमच्याकडं एखाद्याला झपाटलं की 'बाहेरचं आहे' असंच म्हणतात. वहिनी पुढं आल्या. पदर सारखा केला.

"बाहेरचं काय न्हाय हो," त्या म्हणाल्या. "घरचंच हाय."

शेजारी फॅनबेल्ट बघत असलेला एक इसम बेल्ट गळ्यात तसाच घेऊन पायऱ्या उतरला. दुकानदाराचा हात खोक्यावरच राहिला. तो वहिनींकडं बघत राहिला, मग बाहेर उभ्या गाडीकडं, तिच्या टपावरच्या, उतरवलेल्या लाल पाटीच्या खुणांकडं.

"तुम्ही सरांच्या घरातनं?"

"व्हय."

"मी सरांच्याच हाताखाली शिकलोय." त्यानं माझ्या बोटाखालचं खोकं अलगद काढून घेतलं आणि मऊ पॅडचं पुढं सरकवलं. "सर हेच न्यायचे. म्हणायचे, शिकणाऱ्याचा पाय घाबरट असतोय. नुसता लागला तरी गाडी थांबली पायजे."

"घरात कधी बोलले न्हाईत हे," वहिनी म्हणाल्या.

"हितं बी तेवढंच बोलले. बारा वर्सांत."

वहिनी हसल्या. दादा गेल्यावर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि मी तर त्यासाठी काय काय रचून बघितलं होतं.

दुकानदारानं भाजलेला पॅड त्यांच्यापुढं ठेवला. "वैनी, रागावू नका. ह्यो चौथा जोड बी असाच भाजणार. सरांनीच शिकवलंय मला, जळका वास आला की गाडी बाजूला घ्यायची आन् कारण बघायचं. नुसत्या काचा खाली करायच्या न्हाईत."

"कारण मला ठावं हाय."

"तरी बघायचं."

वहिनींनी पॅड हातात घेतला. किती वेळ घेतला कुणास ठाऊक. मला विचाराल तर तेवढ्यात एक गळीत हंगाम संपला असता. मग पॅड ठेवून त्या म्हणाल्या, "बघा म्हणावं मिस्त्रीला. पण ब्रेक काढायचा न्हाय."

उद्यमनगरात मिस्त्रींच्या शेडपुढं चढ आहे. गाडी चढावर तोंड करून लावली, मागं सरकू नये म्हणून मागच्या चाकाखाली लाकडाची उटी ठोकली. वहिनी बाहेर खुर्चीवर बसल्या. मिस्त्रींनी आधी पॅड बसवले, मग डावीकडं खाली डोकं घातलं. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मी जवळ उभा राहून वाडीला काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. कधी नव्हे ते खरं बोलायचं होतं, त्यामुळं शब्द सापडत नव्हते.

"हितं या," मिस्त्री आतूनच हळू म्हणाले.

त्यांच्या काळ्या तळव्यावर एक स्प्रिंग होती. निम्मी. पेडल वर ओढून धरणारी ती हीच. एका बाजूचे वेढे नीट होते आणि दुसरी बाजू सरळ, खिळ्यासारखी ताणली गेलेली.

"स्प्रिंग तुटलीय म्हणून पेडल लोंबतोय. आन् त्याच्यामुळं ब्रेक धरतोय."

"जुनी झाली असेल."

"जुनी झाली तर वेढ्यात तुटती. ही ताणलीय." त्यांनी मान हलवली. "पेडलची पट्टी बी वाकलीय जरा. ह्यो पाय साधा न्हाय, मालक. जीव खाऊन दाबलाय कुणीतरी."

एवढ्या आयुष्यात मी जे जे रचलं त्यातलं काही खरं निघण्याची मला सवय नाही. मगर कधी निघाली नाही. आणि हे मी वहिनींपुढं बसून, हवेतून काढून ठेवलं होतं.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की कोण सांगणार? गंज बी हाय थोडा. मी काय तिथं नव्हतो."

"मीही नव्हतो," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

मिस्त्रींनी नवी स्प्रिंग लावली, तुटकी मी खिशात टाकली. पेडल टक् करून वर आला. एवढ्या महिन्यांनी तो पहिल्यांदा पूर्ण वर होता आणि मला एकदम त्या जागेकडं बघवेना. वहिनी काम झालेलं बघून आत आल्या, आपल्या जागेवर बसल्या, पाय नेहमीसारखे मागं ओढलेले, मांडीवर पिशवी. मिस्त्रींनी सवयीनं मागची उटी पायानं उडवली.

हँडब्रेक ओढलेला नव्हता. धरणारं आता काही नव्हतं.

गाडी मागं निघाली. आवाज नाही, काही नाही, नुसती निघाली. रस्त्यावरून सळया भरलेला टेंपो येत होता. मी उघड्या दाराला धरून पळालो, म्हणजे गाडीनं मला पळवलं. वहिनींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग सीटखालचे पाय पुढं आले आणि उजवा पाय डावीकडच्या ब्रेकवर पडला.

गाडी जागेवर थांबली. मागं मिस्त्री उभे होते, त्यांच्या पोटावर दिव्याचा लाल उजेड. गाडी आणि मिस्त्रींमध्ये किती अंतर होतं ते मी सांगणार नाही.

मी आत झुकून हँडब्रेक ओढला. "लागला, वहिनी. सोडा पाय."

"थांबा जरा."

त्यांचा पाय तिथंच होता. पिंढरी ताठ झाली होती. टेंपो निघून गेला, मिस्त्री खाली बसले आणि पाणी पिऊ लागले.

"भावजी, खरं सांगा. ह्यांनी दाबलेलं तुम्ही बघितलं व्हतं?"

वाडी अजून लांब होती. तोंडात तीन गोष्टी तयार होत्या, तिन्ही चांगल्या.

"न्हाय," मी म्हणालो. "बघितलं नव्हतं. तुम्ही रडत नव्हता म्हणून बोललो."

मी खिशातली स्प्रिंग काढून त्यांच्या हातात दिली आणि मिस्त्री काय म्हणाले ते सांगितलं. जेवढं म्हणाले तेवढंच. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, या सगळ्यात न पटण्यासारखी गोष्ट ही एवढीच आहे.

वहिनींनी स्प्रिंग जवळ घेतली. बोटानं एक टोक चाचपलं. बोटाला तांबूस लागलं.

"गंजलीय ही."

"व्हय. मिस्त्री पण म्हणाले."

त्यांनी स्प्रिंग फिरवली आणि दुसरं, ताणून तुटलेलं टोक बघितलं. त्याच्यावरून दुसरं बोट फिरवलं.

"ह्या बाजूला न्हाय," त्या म्हणाल्या आणि पाय काढला.