मामांचा मिनिमम

मुंबईत विमानं वैमानिक उतरवतात, असं मी लग्न होईपर्यंत समजत होतो. ती माझ्या बायकोचे मामा उतरवायचे. विमानतळावरच्या हवामान कचेरीत ते निरीक्षक होते. ठरलेल्या अंतरावरच्या खुणांपैकी कुठवरच्या दिसतात ते बघायचं आणि आकडा कळवायचा, एवढंच काम. ढगातून यंत्रांच्या भरवशावर खाली येणाऱ्या विमानाला एक हद्द घातलेली असते. तिथवर येऊन धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर मुकाट्याने वर जाऊन फेरी मारायची. आणि मामांचाच आकडा हद्दीखाली गेला, तर खाली यायचा विचारही करायचा नाही. या हद्दीला ते ‘मिनिमम’ म्हणतात. “मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा बाप, मिनिमम म्हणजे मिनिमम,” हे मी जेवताना, झोपताना आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडेही ऐकलंय.

हा नियम त्यांनी घरादाराला लावला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पूर्ण वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत होतो. मामांनी आत जाऊन ‘मुलगा मिनिममच्या खाली’ असा शेरा दिला; पण ‘पेट्रोल आहे, एक फेरी मारू दे’ अशी शिफारसही केली. दुसऱ्या खेपेला मी बशीवरून नजर उचलली आणि कसाबसा उतरलो. अजूनही माझ्या स्कूटरवर मागे बसले की सोसायटीच्या फाटकाशी ते कानात ‘मिनिमम’ म्हणतात. पार्किंगची जागा मोकळी असेल तर मी तत्काळ ‘दिसतंय’ म्हणायचं, नाहीतर चौकाला वळसा. मला जन्मात कुठलंच उत्तर तत्काळ देता आलेलं नाही. एकदा दुधाच्या पिशव्या घेऊन आम्ही चार वळसे घातले. जागा चारही वेळा रिकामीच होती.

मुलुंडच्या आमच्याच इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात. रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी, देवळाचा कळस, जुन्या कारखान्याचं धुराडं आणि शेवटी येऊरचा डोंगर, अशा खुणा बघून वहीत आकडा लिहायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. यंदा दिवाळीनंतर तो आकडा घसरायला लागला. आधी डोंगर गेला, मग धुराडं. मी घाबरलो. खिडक्या बंद केल्या, मास्क लावला, ऑफिसात प्रदूषणावर भाषणं दिली आणि समोरच्या बांधकामाच्या धुळीबद्दल पालिकेत तक्रार केली. खरं तर मीही रोज गच्चीवर असायचो आणि मला डोंगर चक्क दिसायचा. पण मामांच्या वहीपुढे माझ्या डोळ्यांची काय पत्रास?

पालिकेचा माणूस एका सकाळी गच्चीवर आला. डोळ्यांवर हाताची सावली धरून त्याने सभोवार बघितलं आणि म्हणाला, “साहेब, इथनं तर डोंगरावरची झाडं मोजता येतील.”

“डोंगर?” मामा म्हणाले. “आज दिसतोय?”

मामांनी वही मिटली आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरले. डोळ्यांचा पडदा झिजलाय, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. “मीच मिनिममच्या खाली गेलो की रे,” एवढंच मामा बोलले. ग्रुपवरचा आकडा बंद झाला. माणूस घरात नुसता बसून राहिला. ते मला बघवेना. तीन महिने डोंगर दिसत असूनही मी तोंड उघडलं नव्हतं, याची लाजही वाटत होती.

म्हणून मी त्यांना पुन्हा गच्चीवर नेलं. मी बघणार, ते लिहिणार. पहिल्याच दिवशी नेमकं धुकं. त्यांनी ‘डोंगर?’ विचारलं आणि मी तत्काळ ‘दिसतोय’ म्हणालो.

पेन्सिल थांबली. “तुझं उत्तर इतक्यात येत नाही,” मामा म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. वरून कुणीतरी आपल्या शब्दावर खाली येत असतं.”

मी पुन्हा बघितलं. टाकी दिसत होती, कळस नव्हता. तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि ग्रुपवर टाकायला वही माझ्याकडे दिली.

उतरताना त्यांनी माझा दंड धरला. शेवटच्या पायरीआधी थांबून म्हणाले, “मिनिमम.” मी पायरी बघितली, पुढची फरशी बघितली, तिथे कुणाची चप्पल नाही ना तेही बघितलं. मामा थांबून राहिले.

“दिसतंय,” मी म्हणालो. मग त्यांनी पाय टाकला.