दगडाचं नाव

आमच्या सासूबाईंना राग आला की त्या गाईची धार काढायला बसतात. गेल्या शरदात ते पुस्तक घरी आलं, त्या दिवशी त्या भर दुपारीच चरवी घेऊन गोठ्यात शिरल्या. आज कुणाची धडगत नाही, हे मी ओळखलं.

पुस्तक किलिचबेकचं. राजधानीतला तरुण अभ्यासक. आमच्या अलाईच्या डोंगरातली बोली आणि बाकीच्या तुर्की भाषा, यांची त्याने तुलना केली होती. एका रकान्यात आमच्या गावाचे रोजचे शब्द, शेजारी कझाक, उझबेक, उइगुर, थेट तुर्कस्तानपर्यंत. मिठाला सगळीकडे ‘तुझ’. लोखंड कुठे तेमिर, कुठे देमिर. वाचायला मौज वाटली असती. पण आमच्या गावाच्या रकान्यात दगडाला ‘ओर’ छापलं होतं आणि लोखंडाला ‘कातू’. खाली टीप होती, की हे अतिप्राचीन शब्द फक्त याच गावात टिकले असून सैबेरियातल्या भाषांशी त्यांचं नातं असावं.

डोंबलाचं नातं! ओर म्हणजे जड आणि कातू म्हणजे कडक, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दगडाला आणि लोखंडाला ती नावं सासूबाईंनी स्वतः पाडली होती, एकोणीस वर्षांची नवी सून असताना. त्यांच्या सासऱ्यांचं नाव ताश्तान, थोरल्या दिरांचं तेमिरकुल. ताश म्हणजे दगड, तेमिर म्हणजे लोखंड. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि नावात असलेली वस्तूही तोंडातून काढायची नाही. पाटा दगडाचा, चूल दगडाची, पहार लोखंडाची, आणि जिला दिवसभर त्यांच्याशीच झुंजायचं तिने त्यांचं नाव घ्यायचं नाही. बावन्न वर्षं त्यांनी हे पाळलं.

पाळलं म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याच्या पायाला विचारा. तो सात वर्षांचा होता. गुरांच्या वाटेवर, कड्याखाली, आईच्या पुढे उड्या मारत चालला होता. वरून धोंड सुटली. सासूबाईंनी पाहिली. शब्द जिभेवर आला, पण मागे दहा पावलांवर त्यांचे सासरे चालत होते, म्हणून तो गिळला. त्याच्याऐवजी ‘ओर’ तोंडात येईपर्यंत धोंड खाली आली होती. माझा नवरा आजही लंगडतो. त्या दिवशी सासरे चारचौघांत म्हणाले होते, “सुनेने मर्यादा सोडली नाही.” गावात ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुस्तक लिहिण्याआधी किलिचबेक तीन दिवस आमच्याकडे राहिला होता. त्याच्यासाठी मेंढी कापली. दारासमोरच्या मानाच्या जागी तेमिरकुल बसलेले, वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. (मीही त्यांचं नाव कधी घेत नसे. आता घेते.) त्यांच्यासमोर किलिचबेकने उंबऱ्यापाशी पडलेला दगड उचलला आणि सासूबाईंना विचारलं, “याला काय म्हणता, आई?” त्या काय म्हणणार? ओर म्हणाल्या. शहरात वाढलेलं पोरगं हरखलं. तेमिरकुलांना सगळं ठाऊक होतं. पण ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “आमच्या घराण्याची जुनी बोली आहे ही.”

संध्याकाळी सासूबाईंनी त्याला गोठ्यात गाठलं आणि आपले माहेरचे शब्द सांगितले. त्या खाली उझगेनकडच्या. अंड्याला तुखुम म्हणणाऱ्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यावरून इथे टिंगल झाली होती, बाजारी बोलते म्हणून. पोराने आवाज टिपायचं यंत्र बंद केलं.

“आई, हे उझबेकांकडून उसने घेतलेले. आम्हाला शुद्ध हवेत.”

“माझ्या आईने शिकवलेलं उसनं? आणि इथे मी भीतीने बडबडते ते शुद्ध?”

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

आता ते छापून आलं होतं. त्या रकान्याखाली माहिती देणारीचा उल्लेख असा: ‘तेमिरकुल यांच्या घरातील सून, वय ७१.’ धार काढता काढता सासूबाई मला म्हणाल्या, “मी मेले की पोरं हे शिकतील. माझा पोरगा लंगडा का झाला, हे कुणाला कळणार नाही. वर म्हणतील, काय गोड जुना शब्द!” चरवीत दूध कमी आणि जमिनीवर जास्त पडत होतं.

आठवड्याने शाळेत पुस्तकाचा समारंभ झाला. पहिल्या रांगेत तेमिरकुल, उंच पांढरी टोपी घालून. किलिचबेकने सासूबाईंच्या खांद्यावर मखमली झगा घातला, हातात दगड दिला आणि मुलांकडे वळला. “आता आपली आजी या दगडाचं खरं जुनं नाव सांगेल. तुम्ही मागून म्हणा.”

सासूबाईंनी दगड नीट पाहिला.

“ताश,” त्या म्हणाल्या.

मुलांनी आज्ञाधारकपणे “ताश!” केलं.

“ताश्तान, माझे सासरे. तेमिरकुल, माझे थोरले दीर, हे समोर बसलेत. यांच्या धाकाने मी दगडाला दगड म्हटलं नाही आणि माझं पोर दगडाखाली गेलं. ओर ही कुणाची बोली नाही. तो माझ्या तोंडातला बोळा आहे. काढ तो पुस्तकातून!”

तेमिरकुल काठी टेकत उठले. “सूनबाई, लाज सोडलीस? माझ्या तोंडावर माझं नाव?”

“बसा, भावोजी. बावन्न वर्षं घेतलं नाही, एकदा घेतल्याने झिजणार नाही.”

ते बसले नाहीत. टोपी सावरत निघून गेले, आणि त्यांच्यामागे अर्धी रांग गेली. माझा नवरा मात्र जागचा हलला नाही. वही काढून किलिचबेक पुटपुटला, “नव्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, आई. तुमचे माहेरचे शब्दही घालतो. कुणाच्या नावाने घालू?”

सासूबाईंची नजर सभागृहावरून फिरली. या गावात त्या कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. त्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांची सून म्हणून मीही ते घ्यायचं नव्हतं, नऊ वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. मी मागच्या बाकावरून उभी राहिले.

“सुयुमकान,” मी म्हटलं. “लिही. सुयुमकान.”

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, अजून तशाच रागात.

“पुटपुटतेस काय? बाहेर गेलेत त्यांनाही ऐकू जाऊ दे.”