गच्चीवरचे कंडक्टर

कुठलंही काम पुरं झालं की ते दोनदा टकटक करायचे. चहा संपला की कपाच्या काठावर चमच्यानं दोनदा. कुलूप लावलं की दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा. एकदा दवाखान्यात इंजेक्शन घेऊन झाल्यावर त्यांनी टेबलावर टकटक केली, तर डॉक्टर बिचारे घाबरून “काय होतंय?” विचारत बसले. तुम्ही एसटीनं फिरला असाल तर वेगळं सांगायला नको. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चला. सगळी नोकरी यवतमाळ-उमरखेडच्या गाडीत काढलेला हा माणूस निवृत्त झाला, पण घंटीची दोरी काही हातातून सुटली नव्हती.

“डबल,” ते म्हणायचे. “चालू द्या.”

ते आमच्या शेजारी राहत. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. साहेब कधीच नव्हतो, साहेबांच्या दाराबाहेर बसायचो एवढंच. पण ते मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत आणि मीही त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. फुकटात मिळालेली बढती कोण नाकारतो?

निवृत्तीनंतर मला शेतीची हुक्की आली. शेत नव्हतं, गच्ची होती. मी कुंड्या मांडल्या, भरपूर पाणी घातलं आणि काही महिन्यांत स्वयंपाकघराच्या छताला ओल आली, तीही नेमकी ओट्यावर. वरणात थेंब पडला त्या दिवशी बायकोनं हुकूम काढला की यापुढे गच्चीवर मातीचा कण न्यायचा नाही. मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी पिकवायचं ठरवलं. व्हिडिओतला माणूस हसत हसत सगळं उभं करत होता. तो हसतोय म्हटल्यावरच मला शंका यायला हवी होती.

गावाबाहेरच्या लोहारा भागातल्या भंगारवाल्याकडून मी पाइपचे तुकडे आणले. तापवलेल्या सळईनं भोकं पाडली. काही भोकांतून प्लास्टिकचा पेला आरपार पडायचा, काहींत शिरायचाच नाही. “उंदरानं कुरतडलं काय?” असं बायकोनं विचारलं. पेल्यांत नारळाचा भुसा भरला, कृषी केंद्रातून पाण्यात विरघळणारं खत आणलं. पाणी पाइपमधून फिरवायला पंप हवा, तो कुलरमधून काढला. थंडीचे दिवस होते, कुलर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता आणि आपल्या जिल्ह्यात थंडीत कुणाला उन्हाळा आठवत नाही.

पंप सुरू केला तर पाणी पाइपच्या एकाच टोकाला साचलं, भोकांतून उसळलं आणि थेट शेजारच्या अंगणात, त्यांच्या वाळत घातलेल्या खाकी पँटवर पडलं. मी भांडणाची तयारी करून उभा राहिलो. ते जिना चढून वर आले.

“साहेब, तुमची गाडी गळून राह्यली,” एवढंच म्हणाले. मग खाली वाकून पाइपला डोळा लावला. “चढ इकडं, उतार तिकडं. पाणी चढावर जाईन काय? तुमचं खातं तं पाण्याचंच होतं ना?”

“माझ्याकडे पगाराची बिलं असायची,” मी म्हणालो.

“हां. मंग बराबर हाये.”

त्यांनी एका टोकाखाली वीट सरकवली, पाणी नीट फिरायला लागलं. पाइपवर दोनदा टकटक झाली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी वर यायला लागले.

रोपांना ते पॅसेंजर म्हणत. मी लोभानं एकेका पेल्यात मूठभर मेथी पेरली होती, ती त्यांनी विरळ करायला घेतली. “उभे पॅसेंजर नाही घ्याचे. कायले चेंगरता त्यायले?” उमरखेडच्या बाजाराच्या दिवशी कोंबड्यांसकट माणसं दारापर्यंत भरणारा हा कंडक्टर माझ्या मेथीला मात्र ऐसपैस बसवत होता. अशक्त रोपांना कठड्याच्या सावलीतली जागा मिळे. ती राखीव होती, तिथं दुसरं रोप लावायची मला परवानगी नव्हती.

पण त्यांना शेतीतलं फार कळत होतं असं समजू नका. आम्ही एकाच माळेचे मणी होतो. एकदा पालक मरगळला. मी व्हिडिओ पाहत बसलो, आणि त्यांनी दवाखान्यात जुलाबावर देतात ती मीठ-साखरेची पुडी आणून पंपाच्या टाकीत ओतली. “माणसाले चालते तं त्याले काहून नाही?” मला ते पटलं, हे आणखी वाईट. सकाळी पाहतो तो यवतमाळातल्या झाडून साऱ्या मुंग्या माझ्या गच्चीवर. पालकानं दुपारपर्यंत मान टाकली. त्यांनी पाइपवर एकदाच टकटक केली. “उतरले सारे,” म्हणाले आणि खाली गेले.

एका सकाळी मी वर गेलो तर ते माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. मुलगा पुण्याला असतो, त्याच्याशी.

“येतो म्हटलं ना बाबू, पण आता नाही जमत. या साहेबाले एकट्याले सोडून कसा येऊ? त्याले काहीच जमत नाही. काल पाइपचं बूच काढलं अन् कुठं ठेवलं तेच इसरला. मी आलो तं हे शेत दोन दिसात मरते.”

बूच माझ्याच खिशात निघालं. मी आल्या पावली खाली उतरलो आणि फुगून बसलो.

संध्याकाळी ते घरी आले. बायकोनं चहा दिला. सकाळी जिन्यावर वाजलेली माझी पावलं त्यांनी ऐकली होती. त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून मुलगा मागे लागला होता, घर विका आणि इकडे या.

“पोट्टा चांगला हाये, सूनही चांगली हाये,” ते म्हणाले. “पण तिथं मी पॅसेंजर असतो, साहेब. इथं कंडक्टर आहो. नुसतं मले तिकडं याचं नाही म्हटलं तं तो आयकत नाही. काम हाये म्हटलं का चूप बसते. म्हणून तुमचं नाव सांगतो.”

म्हणजे या माणसाचं यवतमाळात राहणं माझ्या नालायकपणावर टिकून होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा हा गुण कुणाच्या उपयोगी पडत होता. माझा राग तिथल्या तिथे गेला.

अडचण अशी झाली की आमची शेती यशस्वी व्हायला लागली. पालक हिरवागार, हातभर माजला. पंप आपोआप सुरू-बंद व्हावा म्हणून मी टायमर बसवला. कॉलनीतली माणसं पाहायला येऊ लागली आणि मी त्यांच्यापुढे करायला एक छोटंसं भाषणही पाठ करून ठेवलं. नेमका त्याच वेळी मुलगा गाडी घेऊन आला. या खेपेला वडिलांना नेल्याशिवाय जायचंच नाही, असं ठरवून आला होता.

तो गच्चीवर आला. इंजिनिअर माणूस, सगळं खाली वाकून पाहिलं. “काका, हे तुम्ही केलं? मस्तच जमलंय.”

पुण्याहून आलेल्या माणसानं मला हा प्रश्न विचारावा म्हणून मी जन्मभर वाट पाहिली असेन. भाषण जिभेवर आलं होतं. त्याच्या मागे ते उभे होते, पाइपवर हात ठेवून. टकटक नाही, काही नाही.

“माझं काही नाही हो,” मी म्हणालो. “सगळं तुमचे बाबा पाहतात. मला यातलं काहीच कळत नाही.”

“पण टायमर आहे ना? मग आपोआपच चालतं की.”

मी मनातल्या मनात त्या टायमरला शिव्या घातल्या. आता थोडी गळती करून दाखवावी म्हणून मी पाइपचं बूच हळूच पिळलं. ते सगळंच हातात आलं. पाण्याची धार मुलाच्या पँटवर, पाइप विटेवरून खाली, अर्धा पालक गच्चीवर आडवा. अडाणीपणाचं सोंग आणायलाही थोडी अक्कल लागते, तीही माझ्याकडे नव्हती.

पाइपवर एकदाच टकटक झाली. थांब. मग त्यांनी पंप बंद केला, बूच बसवलं, पाइप विटेवर चढवला आणि एकेक रोप उचलून परत जागेवर बसवायला घेतलं. मुलगा पँट पिळत उभा होता. वडिलांच्या हातांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “यायले एकटं नका सोडू तुम्ही.”

पालकाची जुडी घेऊन तो एकटाच परत गेला. गाडी वळणाआड गेल्यावर ते मला म्हणाले, “थोडंच उघडाचं होतं ना साहेब.”

“थोडंच उघडलं होतं.”

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केली. सरकारी नोकरीत मला एवढी मोठी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

उन्हाळा लागला की बायको पंप परत मागायची. मग आम्ही दोघं त्याच कुलरसमोर बसून पुढच्या थंडीत काय लावायचं ते ठरवायचो. असे काही हिवाळे चांगले गेले.

या थंडीत एका सकाळी ते वर आले नाहीत. झोपेतच गेले होते, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. मुलगा आला. बुद्धवंदना झाली, माणसं येऊन गेली. निघायच्या आधी तो गच्चीवर आला आणि पाइपकडे पाहत म्हणाला, “काका, आता हे कोण पाहील?”

“मला नाही जमायचं,” मी म्हणालो. या वेळी ते सोंग नव्हतं.

वाकून त्यानं वीट सरळ केली आणि गेला.

मी पंप बंदच ठेवला होता. बऱ्याच दिवसांनी वर गेलो तर बाकीचं सगळं वाळलं होतं, कठड्याच्या सावलीतली रोपं तेवढी जीव धरून होती. टाकी भरली, बटण दाबलं. पाणी गुडगुड करत पाइपमधून फिरायला लागलं. काम झालं होतं, खाली जायला हरकत नव्हती. पण बटणावरचा हात काही निघेना. मी तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोनदा वाजलं. मी डोकावून पाहिलं. खालच्या पायरीवर बायको उभी होती, हातात उलथनं घेऊन.

“चालू द्या,” ती म्हणाली.