श्रावणातला तारपा

गोरेगावच्या दूधवसाहतीत आमचा पाडा. पावसाळ्यात आई टाकळा, कुरडू, कंटोली अशा रानभाज्या खुडून स्टेशनबाहेर फुटपाथवर विकायला बसायची. बा तबेल्यांसाठी गवत कापायचा. पात्यांनी त्याच्या बोटांना इतक्या चिरा पडायच्या की आमटी झोंबते म्हणून तो चमच्याने जेवायचा. पाणी लांबच्या टाकीवरून डोक्यावर आणायचं. रस्त्यापलीकडच्या टॉवरला मात्र पोहायचा तलाव होता. दहावीपर्यंत माझ्याकडे एकच गणवेश. ओला असला तर ओलाच घालून जायचे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. काकाने पुढे हेच सगळं किती भाषणांत स्वतःचं म्हणून विकलं, ते कळावं म्हणून सांगते.

काका म्हणजे बाचा सख्खा धाकटा भाऊ. झोपड्या तोडायला आलेल्या बुलडोझरपुढे आडवा झाला आणि एक दिवस पोलीस चौकीत बसून आला, एवढ्या भांडवलावर तो नेता झाला. आदिवासींसाठी राखीव वॉर्डातून नगरसेवक झाला तेव्हा आम्ही पाय दुखेपर्यंत नाचलो, कबूल करते. मग त्याने पाड्यात नळ आणला. नारळ फुटला, फोटो निघाला, पाणी काही आलं नाही. पुढच्या निवडणुकीत पडला, तर दुसऱ्या पक्षात गेला. तिथे तिकीट नाकारलं, तर बंडखोर म्हणून उभा राहून अनामत घालवली. मग तिसऱ्याचं दार वाजवलं. दर वेळी भाषण तेच, उपरणं तेवढं नवं. आणि दर वेळी कारण एकच, समाजाचं हित. समाज म्हणजे त्याची गाडी असावी, कारण सुधारली ती एकटीच.

बारावीनंतर मला राखीव जागेवर अंधेरीच्या कॉलेजात फार्मसीला प्रवेश मिळाला, पण तात्पुरता. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र आलं नाही, तर जागा जाणार होती. बाजवळ कागद कुठले? तो शाळेतच गेला नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला असं प्रमाणपत्र मिळालं असेल, तर त्याचं शपथपत्र जोडायचं. आमच्या घराण्यात ते एकट्या काकाकडे होतं. निवडणुकीसाठी काढलेलं.

त्याच्या जोगेश्वरीच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला बाला घेऊन गेले. काकाने चहा मागवला आणि म्हणाला, "दादा, रविवारी माझा पक्षप्रवेश आहे. साहेब स्वतः येतायत. तू तारपा घेऊन ये, पाड्यातली वीस माणसं नाचायला आण. सोमवारी हिच्या कागदावर सही करतो ना."

तारपा हे आमचं दुध्या भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य. पाड्यात तो बाच वाजवतो. पण नवं भात देवाला दाखवल्याशिवाय त्याला फुंक मारायची नसते. तेव्हा श्रावण चालू होता. काकाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच अंगणात वाढला तो.

बाने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "भात अजून हिरवं हाय रे."

"साहेबांना काय कळतंय हिरवं नि पिकलेलं?"

"देवाला कळतंय ना."

मला बाचाच राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या आयुष्याची वाट लागू दे, तू तुझा भोपळा सांभाळ, असं मी त्याला भर रस्त्यात सुनावलं.

रविवारी काकाने मालाडहून लग्नात नाचणारी पोरं भाड्याने आणली. डोक्याला कोंबड्याची पिसं, कमरेला प्लॅस्टिकची पानं, गालांवर पांढरे पट्टे, आणि तारपा स्पीकरमधून. आम्हा वारल्यांनी असलं सोंग जन्मात घेतलं नाही. मधोमध काका, दोन्ही हात वर करून. व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. सही अर्थातच मिळाली नाही.

मग मी काकाच्या सहीशिवायच अर्ज भरला. नातं लिहिलं आणि त्याच्या प्रमाणपत्राचा नंबर टाकला. त्याच्या उमेदवारीच्या कागदांत तो होता, आणि ते कागद कुणालाही बघता येतात. चौकशीसाठी पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे एक अधिकारी पाड्यात आले. लग्न कोण लावतं, देव कोणते, मयत झाल्यावर काय करता, असं बाला तासभर विचारत राहिले. तारपा कधी वाजवता, तेही विचारलं. बाने सांगितलं. तेव्हा त्यांनी मोबाइलवर काकाचा व्हिडिओ लावला.

"मग हे श्रावणात कसं? हा तुमचाच भाऊ ना?"

भाऊ नाकारला तर नातं गेलं, आणि नाच आपला म्हटला तर बाचं उत्तर खोटं ठरलं.

बा म्हणाला, "भाऊ माझाच. नाच मालाडचा."

अधिकारी हसले, आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं. ते गेल्यावर मी बाची माफी मागितली. तो म्हणाला, गवत राहिलंय कापायचं, आणि कोयता घेऊन निघून गेला.

काका सध्या चौथ्या पक्षात आहे. तिथल्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा.

माझं वैधता प्रमाणपत्र पाच महिन्यांनी आलं. प्रवेश कायम झाला. मी बी.फार्म. झाले, आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर.