माझीच सही पुरली

मैत्रिणींनो, आज दवाखान्यात मी गर्भपात करून घेतला. सकाळपासून उपाशी होते. भूल दिली, दहा-पंधरा मिनिटांत संपलं. पाळीसारखं दुखलं, दुपारी घरी सोडलं.

सोबत देवबागची म्हातारी आत्ये होती. रिक्षात म्हणाली, "साठ सालच्या सुमाराक माका सुईणीन काढो पाजल्यान. तीन पोरां पदरात होती. घरात सांगलंय, पाळी इली. चार दिवस बाहेर बसलंय. रगात थांबूक नाय, तरी पाचव्या दिवशी भाताच्या लावणीक गेलंय."

मग हळूच विचारलं, "गो, घोवाची सही खंय घेतली?"

"नवऱ्याची लागत नाही, आत्ये. माझीच पुरते."

घर येईपर्यंत ती माझा उजवा हात हातात धरून बघत राहिली.

तुमच्या घरातलं कोण असं बाहेर बसलं होतं, विचारलंय कधी?